मागच्या दाराची भाजी

आमच्या लोखंडी कपाटाचं दार उघडलं की अजूनही त्या हॉटेलच्या साबणाचा वास येतो. अंगठ्याएवढ्या वड्या, पिवळसर कागदात गुंडाळलेल्या, कागदावर हरणाचं छोटं चित्र. बायको त्या साड्यांच्या घड्यांमध्ये ठेवायची. अंगाला कधी लावल्या नाहीत. "अंगाला लावला तर चार दिवसांत संपंल," म्हणायची, "हितं वरीसभर वास देतो." तिला जाऊन दीड वर्ष झालं. कपाट मी रोज उघडत नाही. पण उघडलं की लगेच बंदही करत नाही.

ते हॉटेल इंदापूर तालुक्यात आहे. बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागलं की आधी आमची पिंपळी येते. मग बरंच पुढे गेल्यावर, वालचंदनगरचा फाटा मागे टाकला की उसाचे पट्टे विरळ होत जातात आणि माळ सुरू होतो. चिंकारा हरणं त्या माळावर अजून दिसतात. कुणा संस्थानिकाने शिकारीला आल्यावर उतरायला तिथे काळ्या दगडाचा बंगला बांधला होता. संस्थानं गेली, शिकार बंद झाली, बंगल्याचं हॉटेल झालं. दगड तेच राहिले, उतरणारे बदलले. माळावर घोडे पळवायला सिनेमावाले यायचे ते तिथेच राहायचे. मोटारीने दूरचा पल्ला गाठणारे गायक, खेळाडू, पुढारी वाटेत एक मुक्काम टाकायचे. जेवणाच्या हॉलमध्ये त्या सगळ्यांचे सहीचे फोटो लावलेले आहेत, असं आम्ही ऐकून होतो.

ऐकून होतो एवढंच. अठरा वर्षं बायको आठवड्यातून दोनदा तिथे जायची आणि रविवार असला तर मी मोटारसायकलवर तिला सोडायचो. पण आम्ही दोघांनी त्या हॉटेलचं पाहिलं होतं ते फक्त मागचं दार.

ती तिथे पालेभाजी पोचवायची. आमच्या रानात बहुतेक ऊसच. तो तिचा धाकटा भाऊ बघतो, अजूनही. विहिरीजवळचा अर्धा एकर मात्र तिने कधी उसाला दिला नाही. तिथे तिचे वाफे होते: शेपू, मेथी, कोथिंबीर, चाकवत, लाल माठ. मी शाळेत ग्रंथपाल होतो. पुस्तकांना कागद लावायचे, शिक्के मारायचे, कपाटं विषयवार लावायची, एवढंच मला जमायचं. रानात मी गेलो की ती म्हणायची, "तुमी बांधावर उभं राहून वाचा, आत येऊ नका, रोपं तुडवाल."

हॉटेलच्या मागच्या दाराशी एक लांबट दगड होता. तिथे ती भाजीची पाटी उतरवायची. भाजी घ्यायला आतून एक बाई यायची. भांडी घासणं, फरशी पुसणं, भाज्या निवडणं ही तिची कामं. सगळं हॉटेल तिला मावशी म्हणायचं, वयाने मोठे असलेले आचारीसुद्धा. मावशी आणि बायको त्या दगडावर बसून माठ निवडायच्या, चहा प्यायच्या. साबणाच्या वड्याही मावशीच द्यायची; पाहुण्यांनी कागदही न फाडता मागे टाकलेल्या असायच्या. आणि साबणाबरोबर ती बातम्याही द्यायची.

त्यामुळे देशभर गाजलेली माणसं आमच्या घरी ज्या रूपात आली, त्या रूपात ती कुठल्या वर्तमानपत्रात आली नसतील. एक नटी भाकरीचा फक्त वरचा पापुद्रा खायची आणि खालचा भाग परत पाठवायची. पडद्यावर दहा जणांना लोळवणारा एक खलनायक ताटात हिरवी मिरची दिसली तरी खुर्ची मागे सरकवायचा. एक मोठे गायक कार्यक्रमाला निघण्याआधी दही-भात मागवायचे आणि स्वयंपाकघरात येऊन आचाऱ्याच्या पाया पडायचे. आणि एक क्रिकेट खेळाडू कोथिंबिरीचं पान न् पान वेचून ताटाच्या कडेला लावायचा. हे शेवटचं बायकोच्या फार जिव्हारी लागलं होतं, कारण कोथिंबीर तिची होती. पुढे तो टीव्हीवर शून्यावर बाद झाला तेव्हा ती चूल फुंकता फुंकता म्हणाली, "कोथमीर खाल्ली असती तर चेंडू दिसला असता."

एका रविवारी आम्ही रिकामी पाटी बांधून परत निघालो होतो. हॉटेलच्या मोठ्या फाटकाशी एक लांब गाडी थांबलेली होती. आतून कुणी बाई उतरत होत्या, दरवान वाकून दार धरून उभा होता. मी मोटारसायकल हळू केली. मागून ती म्हणाली, "अवं, पुढच्या दारानं आत जायला काय लागतं?"

मी म्हणालो, "बूट."

मला माझंच उत्तर आवडलं होतं. तिने पायांतल्या चपलांकडे पाहिलं असावं, कारण माझ्या खांद्यावरचा तिचा हात जरा सरकला, मग ती हसली. परत तिने तो विषय काढला नाही. शाळेत एखाद्या मुलाने काही विचारलं की मी शिडी लावून वरच्या फळीवरचं पुस्तक काढून द्यायचो. कुणाला असं एका शब्दात वाटेला लावलेलं मला आठवत नाही.

फाल्गुनात ती गेली, तीन दिवसांच्या आजारात. त्या तीन दिवसांत आम्ही बोललो नाही असं नाही. विहिरीची मोटर, मुलीचा फोन, दुधाचा रतीब, रोजचंच सगळं बोललो. तिने काही मागितलं मात्र नाही.

दहाव्याला आम्ही नदीवर गेलो. पिंड मांडले, माणसं मागे सरली. आमच्याकडे पिंडाला कावळा शिवला नाही तर गेलेल्या माणसाचं मन कशात तरी अडकलंय असं धरतात. मग जवळची माणसं पुढे होऊन मोठ्याने शब्द देतात. ज्याच्या शब्दाला कावळा शिवेल, ती त्याची जबाबदारी. कावळे समोरच्या बाभळीवर बसले होते, चांगले सात-आठ. एकही खाली येईना.

तिचा भाऊ पुढे झाला. "ताई, दाजींची काळजी करू नगं. आमी हाय." कावळे हलले नाहीत.

मुलीने रडत रडत सांगितलं, बाबांना पुण्याला नेईन. कावळ्यांचं सोडा, ते मलाही पटलं नाही.

"वाफं पडीक पडू देनार न्हाय," भाऊ पुन्हा म्हणाला. नाही.

ऊन चढत होतं. गावातले एक म्हातारे तात्या माझ्या कानाशी आले. "सर, तुमी बोला. त्यो तुमच्या शब्दापायी थांबलाय."

मला अशा ठिकाणी बोलता येत नाही. हात जोडले आणि जे तोंडाला आलं ते बोललो. "तुला त्या हॉटेलात पुढच्या दाराने नेईन."

लोक चमकून एकमेकांकडे बघायला लागले, दोन पावलं मागे सरकले, आणि बाभळीवरून एक कावळा सरळ उतरून पिंडावर बसला.

त्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. माणसं चमकून मागे सरकली म्हणून कावळ्याला धीर आला, असं मी कुणालाही पटवून देऊ शकतो. स्वतःलाही बऱ्यापैकी दिलं आहे. पण शब्द दिला होता, तोही अख्ख्या गावासमोर, त्यामुळे कावळा का उतरला याला फारसा अर्थ उरला नव्हता.

गावाने तो शब्द विसरू दिला नाही. डेअरीवर दूध घालायला गेलो की कुणीतरी विचारायचं, "काय सर, हाटेलाची तारीख ठरली का?" त्यात टवाळी होती, पण नुसती टवाळी नव्हती. माणूस गेल्यावर दिलेला शब्द आमच्याकडे लोक आपलाच असल्यासारखा धरून बसतात. मेहुण्याने तर मार्ग काढून ठेवला होता.

"दाजी, त्यात काय आवघड हाय? फोटू घिऊन जायाचं. टेबलावर ठिवायचा, म्होरं ताट मागवायचं. झालं."

"आणि बाकीचे जेवणारे?"

"ते बी पाया पडतील की."

मला ते चित्र डोळ्यांपुढे आलं: झगमगीत हॉल, शेजारच्या टेबलावर कुणी प्रसिद्ध माणूस सूप पितोय आणि मी हार घातलेली तसबीर बशीला टेकवून बसलोय. तिलाच लाज वाटली असती. मी पुढे ढकलत राहिलो. वर्षश्राद्ध झालं तरी शब्द तसाच. मेलेल्या माणसाला कुठल्याच दाराने नेता येत नाही, हे घाटावर सुचायला हवं होतं. दुपारी वाचायला बसलो की एकच पान तीनदा वाचायचो.

यंदा श्रावणात मी बऱ्याच दिवसांनी तिच्या वाफ्यांकडे गेलो. मेहुण्याने ऊस लावला नव्हता, एवढा शब्द त्याने पाळला होता, पण पेरलंही काही नव्हतं. तरी दोन वाफे लालबुंद होते. तिने लावलेल्या माठाचं बी आपोआप झडलं होतं आणि पाण्याचा पाट जवळ असल्यामुळे आपोआप उगवलंही होतं. मी बांधावरच उभा राहिलो. सवयीने.

पितृपक्ष जवळ आला होता. नवऱ्याआधी जी बाई जाते, तिच्या नावाने पितृपक्षातल्या नवमीला सवाष्ण जेवू घालतात. त्या दिवशी पाटावर बसलेल्या बाईला कुणी ती स्वतः आहे असं धरत नाही; गेलेलीच येऊन जेवते असं धरतात. तिचीच आवडनिवड विचारून वाढतात. मी हे लहानपणापासून पाहत आलो होतो. त्या दिवशी बांधावर उभं असताना पहिल्यांदा डोक्यात आलं, की असं धरायचंच असेल तर पाट कुठेही मांडता येईल.

मेहुण्याला सांगितलं, तो मांडीवर थाप मारून म्हणाला, "पुस्तकं वाचून कधीतरी डोकं चालतं म्हणायचं! आमच्या कारभारनीला न्या, दाजी. हाटेलाचं नाव काढलं की आजच चार लुगडी काढून बसंल."

"तिला नको. मावशीला विचारतो."

त्याने मांडीवरचा हात काढला. मग म्हणाला, "व्हय. तिलाच इचारा."

मी मागच्या दाराशी गेलो तेव्हा मावशी दगडावर बसून मटार सोलत होती. मी सांगितलं ते तिने पुरतं ऐकलंच नाही.

"सर, चेष्टा करू नका. त्या हालमधल्या खुर्च्या पुसते मी."

"म्हणूनच एकदा बसा."

"आन मॅनेजरसायब काय म्हनतील?"

"त्या दिवशी रजा घ्या. मग तुम्ही गिऱ्हाईक."

"रजा काढून हितंच येऊ? येड लागलंय का मला?" ती हसली, दोन शेंगा सोलल्या आणि तिचं हसू थांबलं. "घाटावर तुमी काय बोलला ते कळलं हुतं मला. पर सर, तिला दार नको हुतं."

"मग काय हवं होतं?" मी विचारलं.

"ह्या दगडावर बसा एकदा. बसा की." मी बसलो. "आता बगा आत. काय दिसतंय?"

दार अर्धं उघडं होतं. आत एक लांब ओटा, आणि ओट्यावरून चकचकीत स्टीलची गोल झाकणं एकामागून एक पुढे जात होती. खाली बशा असणार, पण दिसत होती ती झाकणंच.

"अठरा वरसं तिला ह्येच दिसलं. एकदा म्हनली, मावशे, आपली भाजी बशीत कशी दिसती ते एकदा बगायचंय गं. मी म्हनलं, त्यात काय, दावते उचलून. तर न्हाय म्हनली. जेवनाऱ्याच्या आधी झाकन उचलू नये म्हनली."

म्हणजे मी घाटावर चुकीचा शब्द दिला होता. कावळा चुकीच्याच शब्दावर उतरला होता. मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण का कोण जाणे, हलकं वाटलं. तिला काय हवं होतं ते आता निदान माहीत होतं. आणि झाकण काढलेली बशी बघायची तर टेबलाशीच बसावं लागणार होतं, म्हणजे पुढच्या दाराने आत जावंच लागणार होतं.

"माठ अजून आहे," मी म्हणालो. "तिच्याच बियांचा. आपोआप आलाय."

मावशीने मटाराची पाटी बाजूला ठेवली. "तिच्या नावानं असंल तर येते. घरी मालकांना इचारते." मग आत तोंड करून ओरडली, "आचारी! नवमीला ताईचा माठ येनार हाय. नीट करायचा, सांगून ठिवते!"

आतून आचाऱ्याचा आवाज आला, "आजवर काय वाकडा करत हुतो व्हय?"

नवमीला सकाळी मी वाफ्यात उतरलो. बांध ओलांडायला कुणी अडवणारं नव्हतं. चार-पाच रोपं उपटून मुळं झटकत होतो तेवढ्यात मेहुणा ओरडत आला, "दाजी, उपटू नगा! खुडा, खुडा! दोन बोटं ठिवून वरनं खुडायचं, मंजी परत फुटतंय. अठरा वरसं बांधावर उभं राहून काय बगितलंत?"

पुस्तक बघितलं होतं. मी खुडायला लागलो. बोटं लाल झाली. तिची बोटं आठवड्यातून दोन दिवस अशी लाल असायची आणि त्याच हातांनी ती मला चहा द्यायची. कपाच्या दांड्याला रंग लागायचा. एक ओळ बियांसाठी सोडा, असं मेहुण्याने सांगितलं. मी दोन सोडल्या.

जुड्या त्याने बांधल्या, उसाच्या ओल्या पाचटाने, ती बांधायची तशा. नऊच्या सुमारास आम्ही मेहुण्याच्या जीपने मागच्या दाराशी पाटी उतरवली. आचारी बाहेर आला. त्याने एक जुडी उचलून पाचटाची गाठ पाहिली आणि पाटी आत नेली.

मग आम्ही इंदापुरात जाऊन नारळ आणि हिरवा खण घेतला, साडी मुलीने पुण्याहून पाठवलेली होतीच. जेवणाच्या वेळेला परत आलो तेव्हा फाटकावरच्या दरवानाने आमची जीप ओळखून सवयीने मागच्या बाजूला हात केला.

"आज फुडनं," मेहुणा खिडकीतून म्हणाला. "आज आमी गिऱ्हाईक हाय."

मावशीला तिच्या यजमानांनी मोटारसायकलवरून आणून सोडलं. ते कारखान्यावर कामाला, पाळी चुकेल म्हणून लगेच गेले. मावशी हिरव्या साडीत होती, केसांना तेल, कपाळावर ठसठशीत कुंकू. मी शाळेच्या निरोप समारंभाचे बूट पॉलिश करून घातले होते. बायकोच्या त्या प्रश्नाला मी दिलेलं उत्तर मी विसरलो नव्हतो.

दगडी पायऱ्या चढून आम्ही दारात आलो, आणि मावशीने चपला काढल्या. भिंतीशी नीट जोडून ठेवल्या.

आतल्या टेबलामागची कोट घातलेली मुलगी लगबगीने पुढे आली. "मावशी, अहो, घालून या ना चपला!"

"काल दोनदा पुसलीय ती फरशी, कुनी पुसली ते मला इचार," मावशी म्हणाली आणि अनवाणी आत गेली.

मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. त्याने वहाणा काढल्या. मी खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या. पुढच्या दाराने मी आत गेलो तो मोज्यांवर.

हॉल थंड होता, उंच छत, जुन्या शिसवी खुर्च्या, टेबलांवर पांढरी कापडं. भिंतीभर खरोखरच फोटो होते. मावशी एकेका फोटोपुढे थांबून आम्हाला ओळख करून द्यायला लागली.

"ही ती, पापुद्रा खानारी. ह्यो मिरचीला भेनारा. हे गानारे, लई देवमानूस. आन ह्यो..."

"कोथमीरवाला!" मेहुणा इतक्या मोठ्याने म्हणाला की कोपऱ्यातल्या टेबलावरच्या पाहुण्यांनी वर पाहिलं.

आम्ही बसलो. मावशी खुर्चीच्या कडेवर बसली होती, उठायच्या तयारीत. मी पिशवीतून साडी, खण, नारळ काढला आणि तिच्यापुढे धरला.

"दाजी!" मेहुणा कुजबुजला. "ओटी बाई भरती. तुमी काय करताय?"

ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आयुष्यभर या गोष्टी बायकोने केल्या होत्या, मी फक्त बाजूला पिशवी धरून उभा असायचो. आता काय करायचं कळेना. पलीकडून ती कोटातली मुलगी बघत होती. ती आली, तिने गळ्यातली बारीक काळी पोत कॉलरच्या वर काढली आणि म्हणाली, "मी भरू का? आमच्याकडे निमगावला आज हेच असतं." मावशीला हळदकुंकू लावून, पदर पुढे घ्यायला लावून तिने रीतसर ओटी भरली. वाकून नमस्कार केला. मग कॉलर नीट करून परत आपल्या टेबलामागे गेली आणि फोनवर कुणाशी तरी इंग्रजीत बोलायला लागली.

पाणी द्यायला आलेला वाढपी हसू दाबत होता.

"दात काय काढतुस? पानी भर," मावशी म्हणाली. "रोज पेले तसंच ठिवून जातुस. आज बगते तुझं काम."

"बघा की, मावशी. टीप देणार ना पण?"

"मागल्या म्हयन्यात फुटलेली बशी लपवली ती टीपच हुती."

आता ती खुर्चीत मागे टेकून बसली.

आणि मग बशा आल्या, तीन, स्टीलच्या झाकणांखाली. वाढप्याने त्या आमच्यापुढे ठेवल्या आणि झाकणांना हात घातला. मावशीने त्याचा हात धरला. "थांब. एकदम न्हाय. माझं आधी."

त्याने तिच्यापुढचं झाकण उचललं.

पसरट, पांढरीशुभ्र बशी होती, आमच्या घरच्या ताटापेक्षा मोठी. तिच्या मधोमध लाल माठ, वाटीने पाडल्यासारखा गोल, मूठभर. वर तळलेल्या लसणाच्या चार सोनेरी चकत्या. शेजारी ज्वारीच्या भाकरीचे तीन त्रिकोणी तुकडे, एकमेकांना टेकवून उभे केलेले. बाकी सगळी बशी रिकामी. आम्ही बघत असतानाच भाजीचं पाणी हळूहळू बाहेर सरकलं आणि पांढऱ्यावर एक लाल कडं उमटलं.

वाढप्याने उरलेली दोन झाकणंही उचलली.

मग मेहुणा खाली वाकून म्हणाला, "ही चव बगायला दिलीय का? जेवान मागनं येनार असंल."

मावशीला हसू फुटलं. ती तोंडाला पदर लावून हसत राहिली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "आगं बाई, एवढीशीच? एका जुडीत चार घरं जेवली असती तुझी, आन हितं बघ!" ती माझ्याशी बोलत नव्हती. "पर चांगली दिसतीया गं. लई चांगली दिसतीया. रंग बघ."

बायको असती तर तीही आधी हसली असती, मग लसणाच्या चकत्या मोजल्या असत्या, मग म्हणाली असती की पाणी आटवायला हवं होतं. हे आम्ही तिघंही मनातल्या मनात म्हणत होतो असं मला वाटतं. भाजी चांगली होती. आमच्या घरी व्हायची त्यापेक्षा तिखट कमी. मावशीने पहिला घास घेतला, मग मी घेतला. मला भूक लागलेली होती. मी तीनही तुकडे खाऊन बशीला लागलेलं लाल पाणी पुसून घेतलं. पुढे आणखी चार-पाच प्रकार आले, मेहुण्याने एकेकाला न्याय दिला. मला त्यांतलं फारसं आठवत नाही.

जेवण झाल्यावर वाढपी बिल आणायला वळला तोच मावशी उठली. तिने माझी बशी आपल्या बशीवर ठेवली, मेहुण्याची त्यावर ठेवली, वाट्या एकात एक घातल्या, चमचे वर ठेवले आणि ती सगळी चळत उचलून आतल्या दाराकडे चालू लागली. ओटीचा नारळ पदरात तसाच.

"मावशी!" वाढपी धावला. "अहो, ठेवा! गिऱ्हाईक आहात ना तुम्ही?"

ती मधोमध थांबली. हातातल्या बशांकडे तिने असं पाहिलं, जणू त्या तिथे कशा आल्या तेच तिला कळत नव्हतं. मग म्हणाली, "जेवन झालं की. आता कसलं गिऱ्हाईक?" आणि बशा घेऊन ती आत गेली.

मी बिल दिलं, मेहुणा जीपकडे जायला निघाला. दारातून मावशीचा आवाज आला, "सर, च्या घिऊन जा. हितं न्हाय, मागल्या बाजूला या. फुडं कपबशीत घोटभर देत्यात."

आम्ही पुढच्या दाराने बाहेर आलो, बूट हातात घेतले आणि भिंतीला वळसा घालून मागे गेलो. आचारी दारात उभा होता. त्याने विचारलं, "ताईंच्या मनासारखं झालं का?"

"पानी आटवायला हवं हुतं," मेहुणा म्हणाला.

"ते मुद्दाम ठेवतो. रंग दिसावा म्हणून."

मावशीने पेले आणले, पितळी नाहीत, साधे काचेचे, काठोकाठ भरलेले. ओटीचा नारळ तिने दगडावर बाजूला ठेवला होता. मेहुणा पेला घेऊन फोनवर बोलत लांब गेला, डेअरीवरच्या कुणाला तरी सांगत होता, "व्हय, फुडनंच गेलो. व्हय, फिटलं."

मी दगडावर बसलो. दुपारचं ऊन भिंतीवरून खाली आलं होतं, दगड उबदार होता. माळावरून वारा येत होता. मावशीने साडीचा पदर खोचला, कोपऱ्यातून उद्यासाठीची मेथीची पाटी ओढली आणि रजेच्या दिवशीही निवडायला बसली. मी एक जुडी माझ्यापुढे घेतली. तिने माझ्या हाताकडे एकदा पाहिलं, "कवळं देठ टाकू नका," एवढंच म्हणाली.

अर्ध्या उघड्या दारातून आतला ओटा दिसत होता. कोपऱ्यातल्या त्या पाहुण्यांचं जेवण चाललं असणार. एक झाकण पुढे गेलं, पाठोपाठ दुसरं. दुसऱ्याच्या कडेखालून लाल पाण्याचा एक थेंब ओट्यावर पडला. आचाऱ्याने फडक्याने तो पुसला.